समजूतदार पंखा

४ मार्च

प्रिय धाकट्या,

हे पत्र हाताने लिहिलंय म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आजारी आहे तो फक्त माझा कॉम्प्युटर. तुला ईमेल लिहायला बसले की हा मध्येच काळा पडतो, मग आपला आपण सुरू होतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात मला पासवर्ड विचारतो. तुझ्या डोंगरावरच्या वेधशाळेत फोन फक्त सरकारी कामाला, आणि चुकून लागला तरी वाऱ्यात तू नुसतं ‘काय? काय?’ करतोस. म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं. तिथली सगळी यंत्रं तू सांभाळतोस, तर बहिणीच्या एका यंत्राकडेही बघ.

दुखणं असं आहे. बसच्या कंट्रोल रूममधून मी निवृत्त झाले तरी शहर बसचं नवं वेळापत्रक करायचं काम साहेबांनी मलाच दिलंय, कारण प्रत्येक थांबा माझा तोंडपाठ आहे. महिनाअखेर द्यायचं. नाही दिलं तर जुनंच वेळापत्रक आणखी वर्षभर चालणार, आणि जुन्यात पाण्याच्या टाकीच्या चढावर बस जात नाही. टाकीवरच्या मावशी अजून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो चढ चढतात, मध्ये तीनदा कठड्याला टेकतात. नोकरीत असताना ती बस मी किती वेळा मागितली, दरवेळी उत्तर एकच, ‘बघू’. आता वेळापत्रक माझ्या हातात आहे आणि त्यात टाकीची बस मी घातली आहे. फक्त ते पूर्ण व्हायला हवं.

टाईप करताना कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागतो. पण सगळे आकडे भरून झाले की ‘जुळवणी’ नावाचं बटण दाबावं लागतं. मग तो सगळ्या बस, सगळे ड्रायव्हर आणि सगळ्या वेळा एकमेकांशी जुळवत बसतो. हे काम तासाभराचं. माझा कॉम्प्युटर अर्ध्यावर पोचतो, डबा तव्यासारखा तापतो आणि फट्कन बंद. एकदा अर्धवट जुळलेलं हाती लागलं, त्यात नऊ नंबरची बस डेपोतून निघून कुठेच पोचली नव्हती आणि एका ड्रायव्हरला एकाच वेळी दोन बस चालवायला दिल्या होत्या. दुसऱ्याला दिवसभर नुसती जेवणाची सुट्टी.

हे शेजारच्या खोलीत लोकांचे पियानो जुळवत असतात. ‘मी बघू का?’ म्हणाले. पण दारावरच्या घंटेच्या प्रकरणापासून घरातल्या कुठल्याही चालत्या वस्तूला हात लावायची यांना मी बंदी केली आहे. ते प्रकरण तुला वेगळं सांगायला नको, तूच बाहेर उभा होतास.

लवकर लिही. माझ्या नाकीनऊ आलेत.

तुझी ताई


७ मार्च

ताई, नमस्कार.

तुझं पत्र आजच्या जीपने वर आलं, हरभऱ्याच्या पोत्याखाली दबून. घंटा कशी विसरेन? भावोजींनी ती इतकी मधुर केली होती की आत कुणाला ऐकूच गेली नाही, आणि मी पायरीवर बसून तुमच्या कुंडीतल्या झाडाशी सुखदुःखाच्या गप्पा मारल्या.

आता तुझा पेशंट. मुळात कॉम्प्युटर बंद पडतो हा बिघाड नाही. आतला मेंदू फार तापला की जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःला बंद करतो आणि जरा निवला की पुन्हा उठतो. नुसतं टाईप करताना मेंदूला काम कमी, म्हणून तेव्हा ठीक. जुळवणीत त्याला घाम फुटतो. बिघाड हा की ती उष्णता बाहेर जात नाही. का जात नाही, ते शोधायचं.

तर असं कर. आधी वायर काढ, मग बाकीचं. डबा भिंतीला खेटून असेल तर पुढे ओढ. बाजूचं झाकण उघड आणि धूळ साफ कर, मऊ ब्रशने. मधोमध एक पंखा दिसेल, तो मेंदूच्या डोक्यावरच बसवलेला असतो. सगळा भार त्याच्यावर. साफसफाई झाली की झाकण उघडंच ठेवून कॉम्प्युटर चालू कर, आत हात न घालता तो पंखा फिरतो का ते बघ, आणि त्याचा आवाज कसा येतो ते मला कळव. घरघर, खरखर, जे असेल ते. आणि जमलं तर उघड्या बाजूला टेबलफॅन लाव, तात्पुरती सोय होईल.

टाकीवरच्या मावशींना माझा नमस्कार सांग. लहानपणी त्यांच्याच चढावर मी सायकलवरून पडलो होतो.

धाकटा


११ मार्च

प्रिय धाकट्या,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. धूळ एवढी निघाली की त्यात एक हरवलेलं बटण आणि माझा जुना बसपास सापडला. डबा भिंतीपासून ओढता ओढता थेट हॉलच्या मधोमध आला, आता स्टुलावर बसलाय आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून जातात. काल साहेब काम कुठवर आलंय ते बघायला आले आणि बोलता बोलता त्यांनी चहाचा कप त्याच्यावर ठेवला. गप्पा संपल्या तरी चहा गरमच. तेवढाच त्याचा उपयोग.

जाताना साहेबांनी सांगितलं की बाहेरची एक कंपनी जुनंच वेळापत्रक नव्या कागदावर छापून द्यायला तयार आहे. हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. 

टेबलफॅन मात्र लागला नाही. यांनी लावू दिला नाही. म्हणतात, त्याचा आवाज या घरात बसत नाही. आता आवाजाला बसायला काय खुर्ची लागते?

मधला पंखा फिरतोय. त्याच्या खाली एक सुबक हिरवी कडी आहे, कंपनीने काम नीट केलंय. आवाज कसा येतो विचारलंस, पण माझे कान बसच्या हॉर्नवर पोसलेले, मला काय कळणार. म्हणून यांना विचारलं. यांनी दारातूनच कान टवकारले आणि म्हणाले, ‘अप्रतिम.’ लग्न झाल्यापासून हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकलेला नाही, माझ्या बाबतीत तर नाहीच. तेव्हा पंख्याचा प्रश्न मिटला. दुसरं काहीतरी शोध.

काल पुन्हा जुळवणी लावली, पुन्हा बंद. मी आता त्याच्यासमोर हात टेकले आहेत.

तुझी ताई


१४ मार्च

भावोजी, नमस्कार.

हे पत्र मुद्दाम तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे ते तुम्हीच उघडाल.

ताईच्या कॉम्प्युटरच्या पंख्याखाली हिरवी कडी आहे असं तिने लिहिलंय. माझी सगळी नोकरी यंत्रांची पोटं उघडण्यात गेली. पंख्याखाली हिरवी कडी घालणारी कंपनी मला अजून भेटलेली नाही. तशा हिरव्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या मी आजवर एकाच माणसाच्या खिशात पाहिल्या आहेत, आणि तो माणूस पियानोच्या तारांमध्ये त्या खोचून ठेवतो.

मी कसलाही आरोप करत नाही. फक्त विचारतोय. उत्तर लवकर द्या, महिना पळतोय.

तुमचा मेहुणा


१७ मार्च

मेहुणेराव यांस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दुकानी मिळाले. आपली नजर तीक्ष्ण आहे. फेल्ट माझाच, आणि उत्तम प्रतीचा आहे. परंतु आपण जो सूर लावला आहे तो मला मान्य नाही. मी काहीही बिघडवलेले नाही, उलट सुधारले आहे. कसे ते सांगतो.

आमच्या घराची रचना आपल्याला ठाऊक नसेल. स्वयंपाकघरातला फ्रिज षड्ज धरतो. तो आपोआप धरत नव्हता, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागली. न्हाणीघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा गंधारावर आहे, त्याला अर्धा दिवस लागला. हे दोन्ही चालू असले म्हणजे घरात बसून फार बरे वाटते. फक्त हा कॉम्प्युटर. पंचमाच्या किंचित वर, म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. किंचितच, पण जीव घेणारे. त्यातून याला वाईट खोड, काम वाढले की आवाज चढवायचा. गाणारा माणूस असा चढू लागला तर आपण त्याला सांगून खाली बसवतो. मीही तेच केले.

जानेवारीत आपली बहीण एका दुपारी बाजारात गेली असता मी पंख्याखाली फेल्टची बारीक कडी बसवली. ती पात्यांना हलकेच धरून ठेवते. तेव्हापासून पंखा शुद्ध पंचमावर आहे. कितीही काम पडो, आवाज चढवत नाही, की कुरकुर करत नाही. इतका समजूतदार पंखा मी पाहिलेला नाही.

मात्र कॉम्प्युटर का बंद पडतो याचे मलाही कोडे आहे. बंद पडण्याच्या क्षणापर्यंत पंखा सुरात असतो, एवढे मी छातीठोकपणे सांगतो.

घंटेपासून मला बंदी आहे हे आपण जाणताच. तेव्हा हे आपल्या दोघांत राहावे.

आपला,
भावोजी


१८ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही तरी लिहितेय, कारण मन मोकळं करायला दुसरं कुणी नाही.

काल मी बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. तो शीळ घालत जिना चढला. दारात यांनी त्याला गाठलं आणि विचारलं, ही शीळ कुठली? त्याने सांगितलं. हे म्हणाले, दुसऱ्या ओळीत तू घसरतोस. मग त्याला आपल्या खोलीत नेलं, पियानोवर ती ओळ वाजवून दाखवली, चहा पाजला आणि शीळ पक्की करून घेतली. तासाभराने तो यांच्या पाया पडून खूश होऊन निघून गेला. कॉम्प्युटर बघायचा राहिलाच. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तो रस्त्यावर होता, आणि दुसरी ओळ बिनचूक येत होती.

आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग शांत बसून विचार केला आणि एकेक गोष्ट जुळत गेली. टेबलफॅन लावू दिला नाही. दुरुस्तीवाल्याला परतवलं. परवा मी कपाळाला हात लावून बसले होते तर म्हणाले, ‘जाऊ दे ना, बसचं काय ते साहेब बघतील.’ धाकट्या, खरं सांगू? यांना माझं काम नकोच आहे. मी निवृत्त झाले, आता घरात गप्प बसावं, यांच्या पियानोच्या आड येऊ नये, असं यांना वाटत असणार. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

मग राग उरला नाही, वाईट वाटलं. इतकी वर्षं रात्रपाळी केली तेव्हा हा माणूस माझा डबा भरून द्यायचा. असा कधी बदलला ते कळलंच नाही.

सकाळी टाकीवरच्या मावशी भेटल्या. कठड्याला टेकून विचारत होत्या, बस कधीपासून? मी ‘झालीच’ म्हणून बसले. आता त्यांना कुठल्या तोंडाने भेटू?

ताई


२१ मार्च

भावोजी,

तुमचं आणि ताईचं पत्र एकाच जीपने आलं. तुमचं वाचून मी एवढा हसलो की आमचे साहेब वाऱ्याचा वेग मोजायचं सोडून आत आले. मग ताईचं वाचलं आणि हसू गेलं.

आधी तुमचं कोडं सोडवतो. काम वाढलं की पंखा आवाज चढवतो ती त्याची खोड नाही, ती त्याची नोकरी आहे. मेंदू तापला की त्याने जोरात फिरायचं आणि उष्णता बाहेर फेकायची. जोरात फिरला की सूर चढणारच. तुम्ही नेमका त्याचा गळा धरून ठेवलात. तो बिचारा पंचमावर गुमान बसून राहतो आणि खालचा मेंदू भाजतो. कॉम्प्युटर सुरात मरतोय, भावोजी.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही दुरुस्तीवाल्याला का परतवलंत ते मला कळलं, कडी उघडी पडेल म्हणून. ताईला ते माहीत नाही. तिने त्याचा अर्थ असा लावलाय की तुम्हाला तिचं काम नकोय. तिने गप्प घरात बसावं असं तुम्हाला वाटतं. हे तिने मला लिहिलंय, आणि रागाने नाही, वाईट वाटून लिहिलंय. मला ते वाचवलं नाही.

तुमचं गुपित मी फोडणार नाही. पण ताईशी खोटंही बोलणार नाही. तेव्हा तिला तुम्हीच सांगा. आधी सांगा, मग तिच्यासमोर कडी काढा. गुपचूप काढून मोकळे होऊ नका, नाहीतर कॉम्प्युटर बरा होईल आणि तिचा गैरसमज तसाच राहील.

तुमचा मेहुणा


२१ मार्च

ताई,

रोग सापडला. औषध तुमच्याच घरात आहे आणि ते कुणी द्यायचं तेही ठरलंय. भावोजी तुझ्याशी बोलतील. ते बोलतील तेव्हा खुर्चीत बस आणि हातात जड काही धरू नकोस.

त्यांना तुझं काम नको आहे, हे तू डोक्यातून काढ. भावोजींच्या डोक्यात इतर बरंच काही आहे, पण हे नाही. याहून जास्त मी सांगणार नाही, कितीही पत्रं पाठव.

मावशींना ‘झालीच’ म्हणालीस ते बरोबर केलंस.

धाकटा


२५ मार्च

मेहुणेराव यांस,

आपले पत्र वाचून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. गिऱ्हाईक आले आणि पियानो ढकलत परत गेले.

मला तिचे काम नको? मेहुणेराव, ती निवृत्त झाली त्यानंतरचे दिवस आपण पाहिलेले नाहीत. सकाळपासून खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे नंबर पुटपुटायची. एखादी उशिरा आली की जागेवरून उठायची आणि पुन्हा बसायची. ते मला बघवत नव्हते. मी भिंतीपलीकडे पियानो उघडून नुसता बसायचो. मग हे वेळापत्रकाचे काम आले आणि घरात तो पंखा सुरू झाला. तो वाजू लागला की मला कळते, ती कामाला बसली. मध्ये थांबला की कळते, चहाला उठली. हा आवाज मला आता दिवसभर ऐकायचा होता. आणि जो आवाज रोज दिवसभर ऐकायचा तो सुरात नको का? एवढाच माझा विचार होता. त्या पंख्याने चढायचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते.

‘जाऊ दे ना’ मी म्हणालो खरे. ती रडवेली झाली होती आणि मला दुसरे काही सुचले नाही.

हे सर्व मी तिला सांगितले. आपण म्हणालात त्या क्रमाने, म्हणजे आधी फेल्ट. परंतु फेल्टचे ऐकल्यानंतर तिने पुढचे बराच वेळ ऐकून घेतले नाही. ती मोठ्या आवाजात बोलत होती. कुठल्या सुरात ते मी या पत्रात लिहीत नाही, कारण ती मागे उभी राहून वाचते आहे.

आपला,
भावोजी


२० एप्रिल

प्रिय धाकट्या,

पत्राला उशीर झाला, पण तुला सगळं एकदमच सांगायचं होतं.

यांनी फेल्टचं सांगितलं तेव्हा मी यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही, शेजाऱ्यांना विचारावं लागेल. फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठा आहे हेही तेव्हाच कळलं. त्या फ्रिजचं दार आपोआप का उघडतं म्हणून मी वर्षभर दाराला शिव्या देत होते. बोलून बोलून दमले, पाणी प्यायला बसले, तेव्हा हे हळूच खिडकीचं बोलले. मी बसचे नंबर पुटपुटायचे ते. मला वाटत होतं कुणाला ऐकू जात नाही. या माणसाला भिंतीपलीकडून ते सगळं ऐकू येत होतं, आणि मी समजत होते यांना माझं काम नको. मग मला रडू आलं. यांनाही आलं. आम्ही दोघं स्टुलावरच्या कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना बसून रडलो. साहेब त्या वेळी आले असते तर त्यांना वाटलं असतं डबा कायमचाच गेला.

मग यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं, आपल्या बारीक चिमट्याने कडी सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. मी जुळवणीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने पंखा जो चढला तो चढतच गेला, चढावर पहिला गिअर टाकलेल्या बससारखा. यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, तुम्ही बागेत जाऊन या. म्हणाले, नको, मी इथेच बसतो. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

आता पुढचं ऐक. जुळवणी अर्ध्याच्या पुढे गेली, एवढी लांब ती कधी गेलीच नव्हती. मी पडद्याकडे डोळे लावून बसले होते आणि हे एकदम म्हणाले, ‘उतरला.’ मला काही फरक कळेना. हे म्हणाले, ‘उतरतोय गं, थांबव.’ हे या स्वरात बोलतात तेव्हा मी ऐकते. थांबवण्याचं बटण दाबलं, झालेलं काम साठवलं, कॉम्प्युटर बंद केला. यांनी निवू दिला आणि भिंग लावून आत पाहिलं. फेल्टचा केसाएवढा तुकडा पात्याच्या मुळाशी अडकून राहिला होता आणि पंख्याला धरत होता. तो काढला. पुन्हा सुरू केला, होता तिथून पुढे चालू केलं, आणि पंखा आणखी वर चढला. यांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, ‘आता बरोबर. भयंकर आहे, पण बरोबर.’

थोड्या वेळाने पडद्यावर ‘जुळवणी पूर्ण’ अशी अक्षरं आली. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. पुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं, कारण इथवर मी कधी आले नव्हते. नऊ नंबरची बस जिथे पोचायची तिथे पोचली होती. सगळ्या ड्रायव्हरना एकेकच बस होती आणि सगळ्यांना जेवण होतं. आणि टाकीच्या चढावर, दर तासाला, माझी बस होती.

साहेबांनी कागद घेतले, दोनदा उलटेपालटे केले आणि ‘बघू’ म्हणाले. पण या वेळी बघायला काही उरलंच नव्हतं. बाहेरची कंपनी बाहेरच राहिली.

कॉम्प्युटर आता भिंतीपासून हातभर लांब, टेबलावर आहे. वेळापत्रकातले बारीक बदल अजून माझ्याकडेच येतात, त्यामुळे रोज काम वाढलं की पंखा ओरडतो आणि पलीकडच्या खोलीतून हे सांगतात, ‘चढला.’ मी म्हणते, ‘चढू दे.’ एवढंच. कधी मी नुसती टाईप करत असते, तो खालीच असतो, तर हे विचारतात, ‘आज काम नाही का गं?’ फ्रिजचा पुठ्ठा मी काढलाय. त्याबद्दल यांनी अजून एक शब्द काढलेला नाही, पण फ्रिज सुरू झाला की खोलीचं दार लावून घेतात.

काल टाकीची बस सुरू झाली. पहिल्याच फेरीला आम्ही दोघं गेलो. निघताना मी यांची पिशवी तपासली. चिमटा, भिंग आणि हिरव्या फेल्टची पट्टी. तिन्ही घरी ठेवायला लावलं. टाकीवरच्या मावशी खालच्या थांब्यावर चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पिशव्या मांडीवर घेऊन कठड्याकडे बघत राहिल्या. कठडा मागे गेला तेव्हा म्हणाल्या, ‘इथे मी टेकायचे.’   

चढ लागला तसं ड्रायव्हरने गिअर बदलला आणि बस मोठ्याने कण्हली. हे माझ्या कानाशी म्हणाले, ‘पंचमाच्या जरा खाली आहे. समोरच्या पत्र्याखाली नुसतं काहीतरी सारलं तर...’ आणि यांचा एक हात खिशाकडे गेला. खिसे तपासायचे मी विसरले होते. मग मी यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि वरच्या थांब्यापर्यंत सोडले नाहीत. मावशी वळून बघून हसल्या. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, या वयात काय हे प्रेम म्हणून. वाटू दे त्यांना.

तुझी ताई